९९० लिटरचा हिशेब

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. रायगड आणि उत्तर रत्नागिरीत विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे टॉवर बंद पडले, काही गावांत वीज परत यायला आठवडे लागले. पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ ला, वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली. दोन्ही वर्षी गरज पडली ती निरोपाची, आणि नेमका निरोपाचाच रस्ता आधी बंद झाला.

अशा वेळी प्रशासनाने बोलायचे कुठून? त्यासाठी चिपळूणच्या आसपास एक आपत्कालीन संपर्क केंद्र कल्पनेत उभे करू. पोलिसांचा बिनतारी कक्ष, १०७७ या आपत्ती मदत क्रमांकावर येणारे फोन, महसूल, आरोग्य आणि महावितरणची माणसे, सगळे एका छपराखाली, चोवीस तास. या इमारतीवर वाद घालायला दोन पात्रे घेतली आहेत. नाना पोलिसांच्या बिनतारी विभागातून निवृत्त झालेले, घरी हौसेने हॅम रेडिओ, म्हणजे खासगी बिनतारी संच, चालवणारे. मीरा त्यांच्या मित्राची मुलगी, पुण्यात वास्तुरचनाकार, कमी विजेवर चालणाऱ्या इमारती हा तिचा विषय. पात्रे कल्पित आहेत आणि इमारतीचा विजेचा भार गृहीत धरलेला आहे. नियम आणि दाखले खरे आहेत.

नाना : तुझ्या नकाशाच्या पहिल्याच पानावर ‘ऊर्जाबचत’ लिहिलंयस. घरात छातीएवढं पाणी आलेला माणूस फोन करतो, तेव्हा तुमच्या इमारतीला किती तारे मिळाले हे विचारत नाही. तिथं इमारत चालू असली पाहिजे, बस. वीज किती खाते हा शांततेच्या काळातला प्रश्न आहे.

मीरा : मी उलट म्हणते. शांततेच्या काळात महावितरण आहे, थोडी उधळपट्टी झाली तर बिल वाढेल, एवढंच. वीज गेल्यावर प्रत्येक वॅट मोजावा लागतो. पण त्याआधी जागा ठरवू. जागा चुकली तर पुढच्या चर्चेला अर्थ नाही.

नाना : जागेबाबत माझा आग्रह सरळ आहे. जलसंपदा खात्याच्या दोन पूररेषा असतात. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल रेषेच्या आत पायरीसुद्धा नको. आपल्याकडे कचेऱ्या जुन्या बाजाराजवळ, बाजार नदीकाठी. लोकांच्या सोयीची जागा म्हणून सगळं तिथंच बांधायचं आणि पूर आला की आधी कचेरीच बुडवून घ्यायची.

मीरा : लाल रेषेवरही मी थांबणार नाही. जपानमधल्या मिनामिसानरिकूचं उदाहरण घ्या. गावाने खास आपत्ती निवारणासाठी तीन मजली पोलादी इमारत बांधली होती, सुमारे १२ मीटर उंच. ११ मार्च २०११ ला त्सुनामी आली ती गच्चीवरून गेली. नगरपालिकेतली एक तरुण कर्मचारी ध्वनिक्षेपकावरून ‘उंचावर पळा’ असं शेवटपर्यंत सांगत राहिली. त्या इमारतीत ४३ माणसं गेली. गच्चीवरच्या अँटेनाला आणि कठड्याला धरून राहिलेले मोजके वाचले. सांगाडा अजून उभा आहे. म्हणजे इमारत पडली नाही, तरी केंद्र संपलं.

नाना : म्हणजे तू सड्यावर जाणार.

मीरा : हो, सड्यावर, जांभ्याच्या उघड्या पठारावर. पुराचा प्रश्नच मिटतो. दरडीसाठी कड्यापासून आत सरकायचं आणि भूगर्भतज्ज्ञाकडून उतार तपासून घ्यायचा.

नाना : आणि वारा? सड्यावर आडोसा नसतो. खाली झाडं मोडतात तेव्हा वर माणूस उभा राहू शकत नाही. शिवाय सडा म्हणजे विजा. अँटेना उभारायला मला उंची हवीच आहे, पण उंचीचं भाडंही द्यावं लागतं.

मीरा : वाऱ्याचा हिशेब करता येतो. आपली वाऱ्याच्या भाराची संहिता आहे, आयएस ८७५ चा तिसरा भाग. चक्रीवादळानंतर चालू राहायलाच हव्यात अशा इमारतींसाठी, म्हणजे निवारे, रुग्णालयं, दळणवळणाचे टॉवर, वाऱ्याचा वेग १.३० पटीने वाढवून धरा असं ती सांगते. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जवळजवळ १.७ पट. पण हा नियम समुद्रापासून ६० किलोमीटरच्या पट्ट्याला लागू आहे तो पूर्व किनाऱ्यावर आणि गुजरातमध्ये.

नाना : आणि कोकण?

मीरा : त्यात नाही.

नाना : म्हणजे कंत्राटदार म्हणेल, ‘साहेब, नियमात बसत नाही, जादा लोखंड कशाला?’

मीरा : म्हणून तो आकडा टेंडरमध्येच लिहायचा. निसर्ग येऊन गेल्यावर ‘कोकणात वादळ येत नाही’ हे कोणी म्हणू नये. भूकंपासाठीही तसंच. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप इथून लांब नाही. भूकंपाच्या संहितेत दूरध्वनी केंद्र, अग्निशमन केंद्र अशा इमारतींना महत्त्व गुणांक १.५ आहे, तो घ्यायचाच.

नाना : भिंती उभ्या राहतील गं. मी धरणीकंपाला घाबरतो तो आतल्या सामानासाठी. बॅटऱ्यांचा रॅक जमिनीला बोल्टने आवळलेला नसतो. वरच्या बॅटऱ्या खाली आल्या की तारा तुटतात, शॉर्ट होतं. इमारतीला तडा नाही आणि केंद्र मुकं. हे बोल्ट कोणाच्याच नकाशात नसतात. सिव्हिलवाला म्हणतो इलेक्ट्रिकलचं काम, इलेक्ट्रिकलवाला म्हणतो सिव्हिलचं.

मीरा : माझ्या नकाशात येतील. आता विजेकडे वळू का?

नाना : वळ. माझी मागणी सोपी आहे. मोठा जनरेटर, मोठी टाकी. संपला प्रश्न.

मीरा : टाकी किती मोठी?

नाना : ९९० लिटरची. बाजारात तीच मिळते.

मीरा : तीच का मिळते हे तुम्हाला माहीत आहे. पेट्रोलियम कायद्यानुसार डिझेल एका ठिकाणी एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि एका भांड्यात १,००० लिटरपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. त्याच्या वर गेलात की परवाना, सुरक्षित अंतरं, तपासण्या. म्हणून सगळीकडे ९९० ची टाकी. आता धरून चालू, की नेहमीच्या पद्धतीने बांधलेल्या अशा केंद्राचा भार ४० किलोवॅट आहे. दिवसाला ९६० युनिट. जनरेटर लिटरला साधारण साडेतीन युनिट देतो, थोडं कमीच धरा. रोज २८० लिटर. टाकी किती दिवस पुरेल?

नाना : साडेतीन दिवस.

मीरा : निसर्गनंतर श्रीवर्धन, मंडणगडकडे वीज साडेतीन दिवसांत आली होती?

नाना : नाही आली. पण दुसरा टँकर मागवू की.

मीरा : रस्त्यावर झाडं पडलेली, घाटात दरड, आणि पेट्रोल पंपालाही उपसायला वीज लागते. तुमच्या आधी रुग्णालयं रांगेत असतील. आता तोच भार मी २० किलोवॅटवर आणला तर तीच टाकी सात दिवस चालते. एक लिटर जास्त न साठवता, एकही परवाना न काढता साडेतीन दिवस मिळाले. माझ्यासाठी ऊर्जाबचत ती ही.

नाना : आकडा ऐकायला बरा आहे. पण निम्मा भार जाणार कुठं? माझे रेडिओ काढणार?

मीरा : तुमचे रेडिओ मुळात खातातच किती? सगळ्यात जास्त खातो तो एसी. अनेक नियंत्रण कक्षांत एसी १८ वर असतो आणि आत माणसं स्वेटर घालून बसलेली असतात. का, तर ‘मशिनला थंड लागतं’. सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश चालतं, ही अमेरिकेतल्या अॅश्रे या संस्थेची जगभर मानली जाणारी शिफारस आहे. माणसांसाठी आपल्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०२० पासून नव्या एसींची सुरुवातच २४ अंशांवर ठेवायला लावली आहे. मी यंत्रांची खोली वेगळी आणि लहान करते, तेवढीच चोवीस तास थंड. नियंत्रण कक्ष २६ वर आणि डोक्यावर पंखे. जुना पंखा ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी तीसच्या आत. जिने, व्हरांडे, विश्रांतीची खोली यांना एसी नाहीच.

नाना : आणि भिंती?

मीरा : जांभ्याच्या चिऱ्याच्या, दुहेरी, मध्ये पोकळी. दगड इथलाच, गवंडी इथलेच. आरसीसीचा सांगाडा भूकंपासाठी, चिरा उन्हासाठी. सांगाड्याला पट्ट्यांनी नीट बांधलेला, नाहीतर भूकंपात तोच अंगावर येईल. वर सपाट स्लॅब आणि त्यावर हवा खेळेल असं दुसरं हलकं छप्पर. वरचं छप्पर वादळात गेलं तरी खालची स्लॅब कोरडी.

नाना : तू अजून दमटपणाबद्दल बोलली नाहीस. पुण्यातली माणसं खिडक्या उघडा म्हणतात. इथं जुलैत खिडकी उघडलीस तर चपलेला बुरशी येते. रिलेचे काँटॅक्ट हिरवे पडतात, कनेक्टरमध्ये ओल शिरते आणि सेट खरखरायला लागतो. तुझी ‘नैसर्गिक हवा’ माझ्या यंत्रांच्या मुळावर येईल.

मीरा : यंत्रांच्या खोलीला खिडकीच नाही. तिथं आर्द्रता मोजून ठेवायची आणि हवा कोरडी करायला लागणारी वीज त्या २० किलोवॅटमध्ये धरलेली आहे. उघड्या खिडक्या माणसांच्या बाजूला, आणि त्याही वर्षातले काही महिने. पाण्याच्या फवाऱ्यावर चालणारे विदर्भातले कूलर इथं चालणार नाहीत, हे मलाही कळतं.

नाना : बरं. आता माझी खरी भीती ऐक. तू दिवे एलईडी घेणार, गच्चीवर सोलर लावणार, पंखे बीएलडीसी. हे सगळं स्विचिंगवर चालतं, आणि स्वस्तातलं स्विचिंग म्हणजे रेडिओच्या कानात कचरा. मी चाळीस मीटर बँडवर, म्हणजे सात मेगाहर्ट्झला कान लावून बसलो आणि शेजारच्या गच्चीवरचा इन्व्हर्टर सुरू झाला, की लांबचं स्टेशन खरखरीखाली बुडतं. कच्छचा भूकंप झाला २००१ साली, त्याआधी १९९९ चं ओडिशाचं महाचक्रीवादळ. दोन्ही वेळी हॅमवाल्यांनी निरोप नेले. समोरचा सेट बॅटरीवर, मोडक्या अँटेनावर, आवाज मुंगीएवढा. तो ऐकू आला नाही तर तुझ्या सात दिवसांचं मी काय करू?

मीरा : हे आमच्या कोणत्याच तपासणी यादीत नसतं. हरित इमारतीचे गुण देताना रेडिओचा गोंगाट कोणी मोजत नाही.

नाना : काचेचंही तसंच. उष्णता अडवायला धातूचा पातळ थर दिलेली काच लावता ना तुम्ही? ती उष्णता अडवते तसा मोबाइलचा आणि हातातल्या वॉकीटॉकीचा सिग्नलही अडवते. आतला शिपाई दारात जाऊन बोलतो.

मीरा : मग काच कमी करते. तशीही वादळात उडून येणारा पत्रा काच बघून येत नाही. लहान खिडक्या, खोल छज्जे, बाहेरून झडपा. ऊन छज्जाच अडवेल, काचेवर थर नको. गोंगाटाचं उत्तर मला तुमच्याच क्षेत्रातून घ्यावं लागेल. टेलिफोन एक्स्चेंज उणे ४८ व्होल्ट डीसीवर चालतात ना?

नाना : पहिल्यापासून. बॅटरीवर सरळ. म्हणून तर गावात वीज नसली तरी जुना काळा फोन वाजायचा.

मीरा : तर बिनतारी कक्ष पूर्ण डीसीवर ठेवू. बॅटरी, तिथून थेट सेट आणि त्याच डीसीवर चालणारे साधे दिवे. मधे इन्व्हर्टर नाही, म्हणजे त्याचा आवाज नाही आणि दोनदा रूपांतर करताना वाया जाणारी वीजही नाही. सोलरची यंत्रं इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, तारांवर फिल्टर. आणि ताबा घेण्यापूर्वी सगळी यंत्रं चालू ठेवून तुम्ही सेटवर कान लावायचा. गोंगाट ठरलेल्या मर्यादेबाहेर असेल तर कंत्राटदाराचं बिल निघणार नाही.

नाना : ही अट लिहून घेतलीस तर अर्धं भांडण इथंच मिटलं. उरलेलं अर्धं टॉवरवरून आहे. कुठं उभा करतेस?

मीरा : इमारतीपासून लांब. ३० मीटरचा टॉवर असेल तर ३० मीटरपेक्षा जास्त अंतरावर. पडला तर छपरावर पडू नये.

नाना : आणि ३० मीटर आडवी, ३० मीटर उभी अशी साठ मीटर केबल टाकू? पोलिसांच्या व्हीएचएफ सेटला आरजी-२१३ ही नेहमीची केबल लावलीस तर पस्तीसेक मीटरवर निम्मी ताकद केबलच गिळते. साठ मीटरवर जेमतेम तिसरा हिस्सा अँटेनाला पोचतो. तू पंख्यात वॅट वाचवणार आणि केबलमध्ये ओतून टाकणार.

मीरा : मग रेडिओच टॉवरच्या पायथ्याशी नेला तर? चिऱ्याची छोटी खोली, आत रिपीटर आणि बॅटरी. इमारतीतून तिथपर्यंत फायबर.

नाना : फायबर… हो, चालेल. वर जायला जाड केबल घेऊ, नुकसान थोडक्यात आटपेल. आणि फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणजे टॉवरवर पडलेली वीज इमारतीत शिरायला तांब्याचा रस्ता उरत नाही. हे चांगलं सुचलं तुला. फक्त त्या फायबरला आत लोखंडी तार नसेल असं बघ, नाहीतर तोच रस्ता होईल.

मीरा : अर्थिंगचं काय? सड्यावर खाली नुसता जांभा.

नाना : जांभ्यात अर्थ मिळवणं हे कोकणातलं जुनं दुखणं. खड्डा खणायचा, कोळसा-मीठ भरायचं, पाणी ओतायचं. जुलैत मीटर लावला की आकडा सुरेख येतो. कागदावर सही. मे महिन्यात तोच खड्डा खडखडीत कोरडा, आणि वळवाच्या विजा पडतात त्या मे महिन्यातच. म्हणून मोजणी मे मध्ये करायची, हा नियम कर. आणि एक खड्डा टॉवरला, एक जनरेटरला, एक कॉम्प्युटरला असं करू नकोस. वीज पडली की एका अर्थचा दाब चढतो, दुसऱ्याचा नाही, आणि तो फरक तुझ्या यंत्रातून वाहतो. इमारतीभोवती तांब्याची किंवा जस्त चढवलेल्या पट्टीची अंगठी, आणि सगळा धातू तिलाच बांधायचा. चढलं तर सगळं एकत्र चढू दे.

मीरा : आता सोलर. तुम्ही नाक मुरडणार हे धरून चालते.

नाना : मुरडणारच. सरकारी कचेऱ्यांच्या गच्च्यांवर पॅनेल लागली, लोकांना वाटतं वीज गेली तरी ही चालतील. महावितरणची वीज गेली की तो इन्व्हर्टर आपण होऊन बंद पडतो. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक लागू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. म्हणजे वर लख्ख ऊन आणि खाली अंधार.

मीरा : म्हणून बॅटरीसह हायब्रिड, जो लाइनपासून तुटून स्वतंत्र चालू शकतो. पण त्यापलीकडचा आकडा मीच सांगते, तुम्ही सांगण्याआधी. चांगल्या दिवशी एका किलोवॅटच्या पॅनेलमधून चार युनिट मिळतात. कोकणातल्या जुलैत निम्मी धरा. १५ किलोवॅट लावले तर ३० युनिट. मला रोज हवेत ४८० युनिट. सोळावा हिस्सा.

नाना : मग कशाला लावतेस? फोटो काढायला?

मीरा : भाराचे तीन थर केले तर त्याचा उपयोग आहे. पहिला पूर्ण २० किलोवॅट, सगळं केंद्र चालू. दुसरा आठ किलोवॅट, अर्धी माणसं, एक खोली, निम्मे स्क्रीन बंद. तिसरा गाभा. व्हीएचएफ, एचएफ, उपग्रह फोन, एक राउटर, चार दिवे, दोन पंखे, मोबाइल चार्जिंग. त्याला सव्वा किलोवॅटच्या आत बसवायचं. दिवसाला ३० युनिट.

नाना : म्हणजे जुलैतल्या सोलरएवढे.

मीरा : बरोबर. डिझेल संपलं, टँकर आला नाही, रस्ता पंधरा दिवस बंद राहिला, तरी गाभा बोलत राहतो. एखादा दिवस अगदीच काळोखा गेला तर बॅटरी तीन दिवस ओढेल एवढी. सोलर पूर्ण इमारतीसाठी नाहीच. गाभा छोटा ठेवला म्हणून ते पुरतं. तुमच्या ४० किलोवॅटच्या इमारतीत गाभा वेगळा काढताच येत नाही, कारण सगळं एकाच बोर्डावर जोडलेलं.

नाना : पॅनेल वादळात उडतील.

मीरा : काही उडतील. दोन वेगळ्या जागी निम्मी निम्मी लावते, कमी कोनात, छपराच्या कडेपासून आत. जनरेटरबाबतही एक सल्ला हवाय. आठ किलोवॅटवर मोठा जनरेटर कसा चालेल?

नाना : वाईट. तीस टक्क्यांखाली सतत चालवला की डिझेल धड जळत नाही, सायलेन्सरमधून काळं तेल गळायला लागतं, लिटरमागे युनिटही कमी मिळतात. एक मोठा घेऊ नकोस. एक ४० केव्हीएचा, एक १५ चा. छोट्यावर आठ किलोवॅट धर, लिटरला तीन युनिट आले तरी रोज ६४ लिटर. टाकी पंधरा दिवस. आणि दोन टाक्या ठेवल्या तरी परवान्याच्या आतच आहोत.

मीरा : आता तुम्हीच माझं काम करताय.

नाना : तुझं नव्हे, माझं. दोन जनरेटर म्हणजे एक बिघडला तर दुसरा आहे. तुम्ही लोक याला उधळपट्टी म्हणता. कार्यक्षमता म्हणजे जादाचं काही नको, आणि माझं आयुष्य जादाचं सामान सांभाळण्यात गेलं. जादा सेट, जादा बॅटरी, जादा माणूस. दहा वर्षं पडून राहतो आणि एका रात्री उपयोगी पडतो.

मीरा : जादा सामान मला चालतं, ते बंद असताना वीज खात नाही. जादा गळती चालत नाही. मात्र दोन-दोन घेताना दोन्ही एकाच रस्त्याने गेले तर उपयोग शून्य. न्यूयॉर्कमध्ये २०१२ साली सँडी वादळ आलं तेव्हा बेलव्ह्यू रुग्णालयाचे जनरेटर तेराव्या मजल्यावर सुरक्षित होते. इंधन वर चढवणारे पंप तळघरात. तळघर बुडालं. माणसांनी जिन्यात साखळी करून हातोहात डिझेल वर नेलं, आणि शेवटी रुग्णालय रिकामं करावंच लागलं.

नाना : आपल्याकडे फायबर असंच. दोन कंपन्यांची जोडणी घेतली म्हणून साहेब खूश. दोन्ही केबल त्याच खांबावरून, त्याच पुलावरून. हायवेच्या कामाचा जेसीबी एकदाच फिरला की दोन्ही तुटतात. एक पूर्वेकडून, एक पश्चिमेकडून आली पाहिजे, आणि तिसरा मार्ग हवेतून. आणि सगळ्यात मोठा जादाचा भाग म्हणजे दुसरं केंद्र. ११२ या आपत्कालीन क्रमांकासाठी नवी मुंबई आणि नागपूर अशी दोन ठिकाणं ठेवली, ते शहाणपणाचं. नवी मुंबई बुडाली तर नागपूर त्याच दिवशी बुडत नाही. तुझी इमारत गेली तर तिचं काम रत्नागिरीने उचललं पाहिजे, आणि ते वर्षातून एकदा खरोखर करून बघितलं पाहिजे.

मीरा : करून बघणं हा माझा शेवटचा मुद्दा. कमी विजेच्या इमारतीत प्रत्येक बोर्डावर मीटर असतो. मार्चमध्ये गाभा १.२ किलोवॅटवर होता, ऑगस्टमध्ये १.९ झाला, म्हणजे काहीतरी बिघडतंय किंवा कोणीतरी किटली लावलीय. विजेचा मीटर रोज इमारतीची नाडी दाखवतो. नेहमी वापरात असलेली इमारतच संकटात चालते.

नाना : किटली लावणारच माणूस. रात्रपाळीला चहा लागतो. गाभ्यात किटली धर, नाहीतर तो एक्स्टेन्शन ओढून लावेल आणि तुझा फ्यूज घालवेल.

मीरा : धरली.

नाना : तरी माझं मत बदललेलं नाही, हे सांगून ठेवतो. तुझी इमारत चांगली आहे, पण ती मोठी आहे. तिला निम्मी कर. उरलेले पैसे मंडणगड, दापोली, खेड, गुहागर इथल्या पोलिस ठाण्यांना दे. नवी बॅटरी, नीट अँटेना, एक सेट चालवता येणारा शिपाई. हॅमची परीक्षा देणारी वीस पोरं तयार कर. निरोप गावातून निघालाच नाही तर तुझं केंद्र सड्यावर ऐकत काय बसणार?

मीरा : आणि वीस ठिकाणांहून एकदम निरोप आले, त्यांना ऐकणारी, नोंद करणारी, होडी आणि डॉक्टर कुठं आधी पाठवायचा हे ठरवणारी माणसं कुठं बसवू? त्यांना आठवडाभर जेवण, झोप, कोरडे कपडे लागतात. दमलेला माणूस चुकीच्या गावाचं नाव लिहितो. मी खोल्या कमी करणार नाही. भार निम्मा केल्यामुळे जनरेटर, एसी, बॅटरी सगळं लहान झालं. त्यातून वाचलेले पैसे ठाण्यांना द्या.

नाना : बांधकामाचं हेड वेगळं, बिनतारीचं वेगळं. एकातले पैसे दुसऱ्यात जात नाहीत. कचेरीत मी उगाच इतकी वर्षं काढली नाहीत.

मीरा : मग प्रस्ताव एकच करायचा. इमारत, टॉवर आणि चार तालुक्यांतली ठाणी, सगळ्यांना मिळून एक मंजुरी.

नाना : कर. मंजूर झाला तर मला कळव.

हा वाद इथे संपत नाही आणि संपूही नये. इमारत केवढी असावी आणि पैसा केंद्रावर खर्च करावा की टोकाला, यावर दोन जाणती माणसे शेवटपर्यंत वेगळे बोलणार. पण संकटातली ऊर्जाबचत म्हणजे वेळ, यावर दोघांचेही आकडे एकाच जागी येतात. ९९० लिटरची टाकी साडेतीन दिवस पुरवायची की सात, हे डिझेलच्या ठेकेदाराच्या आधी भिंत, छज्जा, पंखा आणि केबल ठरवतात. आणि जादाच्या गोष्टी, म्हणजे दुसरा जनरेटर, दुसरा मार्ग, दुसरे केंद्र, यांवरचा खर्च ही उधळपट्टी नव्हे.

वाचकांनी आपल्या तालुक्यात चार साधे प्रश्न विचारावेत. आपत्ती कक्षाचा जनरेटर लाल रेषेच्या वर आहे का? पूर्ण भारावर तो किती तास चालतो, आणि शेवटचा तसा कधी चालवून पाहिला? गच्चीवरची सोलर पॅनेल वीज गेल्यावर चालू राहतात का? अर्थिंग मे महिन्यात मोजले होते का? हे प्रश्न ग्रामसभेत किंवा माहिती अधिकाराच्या अर्जात विचारता येतात. ते पाऊस सुरू होण्यापूर्वी विचारावेत.